कोट काढला, आता ठेवायचा कुठे?

कोट घालायचं शास्त्र गोऱ्या साहेबानं चोख बांधून ठेवलंय. उभं राहिलं की बटण लावायचं, बसलं की सोडायचं, आणि सगळ्यात खालचं कधीच लावायचं नाही. (हे म्हणे सातव्या एडवर्डच्या पोटापायी. राजाचं बटण लागेना, मग दरबारानंही आपापलं उघडं ठेवलं.) चारचौघांत कोट काढायचा तर आधी यजमानानं काढायला हवा, नाहीतर त्याची परवानगी घ्यायची. पण हे नियम करणाऱ्यानं अंबरनाथचा मे महिना पाहिला नव्हता.

आमच्या आनंदनगर एमआयडीसीत कोट कपाटाबाहेर येतो तो ऑडिटला, नाहीतर फॉरेनची पार्टी आली की. अशाच एका कंपनीत भर मे महिन्यात जपानी पाहुणे यायचे होते. 'सगळ्यांनी फुल सूटमध्ये यावे' असा मेल फिरला. परचेस, क्वालिटी, स्टोअर, सगळी मंडळी आपापल्या लग्नातले कोट चढवून गेटवर हजर. बाहीवरचं ब्रँडचं लेबल तसंच. ते उसवायचं असतं, हे कुणी सांगितलं तरी पटत नाही. एवढे पैसे मोजले ते काय झाकून ठेवायला?

पाहुणे उतरले ते अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. टायसुद्धा नाही. जपानी सरकारनंच 2005 पासून उन्हाळ्यात कोट-टायला सुट्टी दिलीय, ऑफिसचा एसी 28 वर ठेवता यावा म्हणून. आमचा एसी 18 वर होता, आणि तोही कोटांसाठी!

आता काढायचा कुणी आधी? मॅनेजर जीएमकडे बघतायत, जीएम मालकांकडे, आणि पाहुण्यांचा मान ठेवायचा म्हणून मालक एसीतही घामानं निथळत ताठ बसलेले. सोडवलं ते सेफ्टी ऑफिसरनं. चालत्या मशीनवर काम करणाऱ्याचे कपडे अंगाबरोबर हवेत, असं तेव्हा लागू असलेल्या 1948 च्या कारखाना कायद्यातच आहे म्हणाला. कोट घालून शॉपफ्लोअरवर कुणालाही सोडणार नाही. एखादा कायदा इतक्या आनंदानं पाळलेला मी तरी पाहिला नाही.

पण काढलेले कोट ठेवायचे कुठे? खुंट्यांवर हेल्मेटं आणि ॲप्रन. प्लॅस्टिकच्या खुर्चीची पाठ अशी गोल, की कोट एका खांद्यावर लटकतो आणि कुणी बघत नसलं की खाली बसतो. अग्निशामकाच्या नळकांड्यावर कुणीतरी टांगून पाहिला, तर सेफ्टी ऑफिसर पुन्हा धावला. शेवटी स्टोअरचे काका पुढं झाले. त्यांनी एकेका कोटाचा एक खांदा उलटा केला, दुसरा त्यात सरकवला, अस्तर बाहेर ठेवून मधोमध घडी घातली आणि बेअरिंगच्या खोक्यांवर चळत रचली. अदलाबदल नको म्हणून वर पिवळी 'होल्ड'ची टॅग! जीएमसाहेबांचा कोट संध्याकाळपर्यंत होल्डवरच होता.

लोकलमध्ये मात्र रीत ठरलेली आहे. गर्दीत कोट हातावर घेऊन उभं राहिलेल्याला तिसऱ्या सीटवरून हाक येते, "काका, कोट द्या इकडे." मग तो हातोहात रॅककडे निघतो, आणि वाटेतला प्रत्येक जण विचारतो, "खिशात मोबाईल नाही ना?" कुर्ला गेलं की दादरवाल्याचा कोट त्याच वाटेनं परत. मध्ये त्यावर कुणाचा डबा येऊन बसला असेल, तर तेवढं चालवून घ्यायचं.

लग्नात तर कोट काढायचा हक्क खुद्द नवरदेवालाही नसतो. एक तर आतल्या खिशात आहेराची पाकिटं. "कुठे टांगून ठेवू नकोस रे," असं आई स्टेजवर येऊन दोनदा बजावून जाते. दुसरं म्हणजे आमच्याकडे परवानगी यजमानाची नाही, फोटोग्राफरची लागते. "दादा, आत्ता नको, मामांकडचा ग्रुप बाकी आहे." मामा होतात, ऑफिस होतं, कॅटररसुद्धा एक फोटो काढून घेतो. अखेर फोटोग्राफर मान हलवतो. नवरदेव एक बाही सोडवतो, करवला कोट धरायला दोन्ही हात पुढं करतो, आणि तेवढ्यात हॉलच्या दारातून आवाज येतो, "थांबा रे! बदलापूरची आत्या आली!"