नोडकरी

'मुलगा काय करतो?' या प्रश्नाला नोडकऱ्याच्या आईने एक उत्तर ठरवून ठेवलेले असते: 'सुपरकॉम्प्युटरवर असतो.' उत्तर खोटे नाही. तो तिथल्या रांगेत असतो, एवढेच त्या माउलीला ठाऊक नसते.

नोडकरी हा इंजिनीअरिंगचा पीएच.डी. स्कॉलर. पंपाच्या पात्यांवरून पाणी कसे वळते, असला काहीतरी त्याचा विषय. त्यासाठी पंपाच्या पोटातल्या जागेचे कोट्यवधी चिमुकले सेल पाडायचे आणि प्रत्येक सेलमध्ये वेग नि दाब काढत बसायचे. लॅपटॉपवर हे जन्मात होणार नाही. म्हणून संस्थेचा क्लस्टर (एकमेकांना जोडलेले संगणक; त्यातला प्रत्येक म्हणजे एक नोड) आणि त्यावर जॉब टाकणे. कोणाला कधी, किती कोअर द्यायचे ते 'स्लर्म' नावाची प्रणाली ठरवते. नोडकऱ्याच्या आयुष्यात गाइडनंतर दरारा आहे तो तिचाच.

सकाळी दात घासायच्या आधी मोबाइलवरून लॉगिन. जॉबपुढे 'पीडी', म्हणजे पेंडिंग. कंसात कारण. कंसात 'प्रायॉरिटी' असेल तर पुढे बरेच जण आहेत. 'रिसोर्सेस' दिसले की गडी खूश: आपला नंबर आला, आता फक्त नोड मोकळे व्हायचे बाकी. कुडमुड्या जोशाने पत्रिकेतला शनी बघावा, तसा तो हा कंस बघतो. अलीकडे ज्याने जास्त मशीन वापरले त्याला मागे ढकलायचे, हा फेअरशेअरचा नियम त्याला तत्त्वतः मान्य आहे. केमिस्ट्रीवाल्यांना तो पुरेसा लागू होत नाही, अशी त्याची ठाम समजूत आहे. कुठल्या केमिस्ट्रीवाल्याचे किती नोड अडकलेत हे तो झोपेतही सांगेल. स्वतःच्या पंपाचा दाब मात्र वहीत बघून सांगतो.

खरी गंमत मागण्यात आहे. कामातला 5 टक्के भाग एकामागून एकच करावा लागणारा असेल, तर कितीही कोअर लावा, वेग 20 पटींपुढे जात नाही. हा अ‍ॅमडालचा 1967 सालचा नियम. नोडकरी तो ज्युनिअरांना फळ्यावर सोडवून दाखवतो आणि खाली येऊन स्वतःसाठी 240 कोअर मागतो. 'असू दे की!' एकदा जॉब संपल्यावर त्याने कार्यक्षमतेचा अहवाल काढला. आकडा आला 0.42 टक्के. स्क्रिप्टमध्ये प्रोग्राम समांतर चालवायची ओळच नव्हती. एक कोअर राबत होता, 239 जण रात्रभर हाताची घडी घालून बसले होते. क्लस्टर सांभाळणाऱ्या सरांनी मेल केली नाही, बोलावून घेतले. हे जास्त वाईट.

त्याच बैठकीत सरांनी बॅकफिल समजावला. मोठ्या जॉबसाठी नोड जमेपर्यंत मध्ये जी फट पडते, तीत स्लर्म छोटे जॉब सरकवतो. मात्र किती वेळ लागेल ते खरे सांगावे लागते. हा 6 तासांच्या कामाला 72 तास मागायचा. फटीत बसणार कसा? नोडकऱ्याने मनावर घेतले. पुढचा जॉब बरोबर 6 तासांचा टाकला. रात्रीच लागला! पहाटे 98 टक्क्यांवर असताना वेळ संपली आणि स्लर्मने तो मारला. अधूनमधून स्थिती साठवून ठेवली असती तर तिथूनच पुढे जाता आले असते. पण 'फाइल लिहिण्यात वेळ जातो' म्हणून ती सोय यानेच बंद केली होती. तेव्हापासून पुन्हा 72.

क्लस्टरच्या 'स्क्रॅच' नावाच्या तात्पुरत्या साठ्यातल्या जुन्या फाइली ठरावीक दिवसांनी आपोआप पुसल्या जातात. आधी इशाऱ्याच्या मेल येतात. नोडकरी त्या वाचतो, आणि सगळ्या फाइलींवर 'टच'ची कमांड फिरवून तारखा ताज्या करतो. तीन वर्षांपूर्वीचे फसलेले रन त्यामुळे आजही सकाळी जन्मल्यासारखे दिसतात. संशोधनात त्याने काही नवे केले असेल, तर मला वाटते हेच.

'इतके दिवस काय केलेस?' असे कोणी विचारले, की तो इतिहासात शिरतो. अमेरिकेने 'क्रे' सुपरकॉम्प्युटर द्यायला नाक मुरडले, मग 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली, विजय भटकरांच्या चमूने 1991 मध्ये 'परम 8000' चालू करून दाखवला. आता राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधून आयसरला 'परम ब्रह्म' आला, खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीला 'परम रुद्र' आला. छाती फुगवून सांगतो. ऐकणाऱ्याचा प्रश्न तोवर विरून गेलेला असतो.

परवा एसी बिघडला. तापमान चढायला लागल्यावर सरांनी अख्खा क्लस्टर बंद केला. नोडकरी दारापाशी घुटमळत होता. केमिस्ट्रीवाले होते, त्यांच्याशी चक्क चहाही झाला. तेवढ्यात गाइड मॅडम आल्या. 'थिसिसचा दुसरा चॅप्टर कुठवर आला?'

'मॅडम, मशीन बंद आहे ना.'

'वर्ड चालू आहे ना?'