पाणी कुठलं, ते आधी सांगा

हल्ली चित्र भिंतीवर पुरत नाही. प्रेक्षकाला चित्रात शिरायचं असतं. विषय बहुतेक वेळा एकच: निसर्ग आणि पाणी.

अशी कला लातूर-नांदेडलाही यावी. पण कुणाचं बघून?

२०१२ मध्ये लंडनच्या बार्बिकन केंद्रात ‘रेन रूम’ उभी राहिली. खोलीभर पाऊस, आणि माणूस जिथे उभा राहील तिथे सेन्सर तो थांबवणार. नोव्हेंबर २०१५ मध्ये हीच खोली लॉस एंजेलिसला आली, तीही ऐन दुष्काळात. पाणी तेच तेच फिरवलं जात होतं. तरी दुष्काळात हे पाणी असं वापरावं का, हा प्रश्न उठलाच.

आपल्याकडे तो आधी उठायला हवा.

कारण त्यानंतर पाच महिन्यांनी, १२ एप्रिल २०१६ ला, मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातुरात पोचली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. त्याआधी मार्चमध्येच पाणवठ्यांवर कलम १४४ लागलं होतं. टाकीपाशी पाचांहून जास्त माणसं नकोत!

अशा गावाला निळे दिवे आणि स्पीकरवरची खळखळ दाखवून काय कळवणार?

निलंग्याकडे बघा. २०१९ च्या शिवजयंतीला मंगेश निपाणीकर यांनी सहा एकरांवर पेरणी करून शिवाजी महाराजांचं चित्र उगवून दाखवलं. पाण्याच्या रेल्वेनंतर तीनच वर्षांनी, त्याच जिल्ह्यात! जमीन, बी, पाणी, सगळं खरं. आत उभं राहिलं तर नुसती हिरवळ. चित्र दिसायला उंचावर जावं लागतं. मला हे काम आयात केलेल्या दहा धबधब्यांहून मोठं वाटतं. इथल्या मातीला काय जमतं आणि त्यासाठी पाणी किती मोलाचं, हे बघणाऱ्याला न सांगता कळतं.

पुढचं काम बारवेत व्हावं. मराठवाड्यात बारवांना तोटा नाही. पायऱ्या उतरा: ऊन मागे राहतं, आवाज घुमतो, अंगाला गारवा लागतो. याहून वेगळं ‘आत शिरणं’ कोणतं? महाशिवरात्रीला कित्येक बारवांत आता दीपोत्सव होतो. आधी गावकरी झाडू-फावडं घेऊन उतरतात. कलाकारानं त्यांच्याबरोबर उतरावं. पायऱ्यांवर सालवार पाण्याची पातळी कोरावी. २०१६ ची रेघ कुठे येते, ते पोरांना बोटानं चाचपू द्यावं.

आणि निधी देणाऱ्यांनी पहिलं बिल गाळ काढणाऱ्यांचं चुकवावं. दिव्यांचं नंतर.