रेसलमेनियाची पट्टी

आमच्या कवठे येमाईत दोन विषयांत कोणी कोणाला शिकवायला जात नाही. एक कुस्ती आणि दुसरा तमाशा. चैत्र लागला की शिरूर, आंबेगाव, पारनेर, जुन्नर या पट्ट्यात रोज कुठल्या ना कुठल्या गावची जत्रा असते. रात्री तमाशा, दुसऱ्या दिवशी दुपारी हगामा. आधी रेवड्यांवर पोरासोरांच्या कुस्त्या, मग नारळावरच्या, मग रोख इनामाच्या आणि ऊन कलल्यावर शेवटची मोठी जोड. तमाशाची सुपारी द्यायला जत्रा कमिटी नारायणगावच्या राहुट्यांवर जाते खरी, पण फडाफडांतून ज्यांची गाणी गाजली ते बी. के. मोमीन कवठेकर आमच्याच गावचे. २०१८चा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. तेव्हा डोक्यावर आपटलेला माणूस खरोखर आपटला की नुसता विव्हळला, यावर मत द्यायचा हक्क आम्हाला नाही तर कोणाला?

ज्या प्रयोगावर आम्ही हे मत दिलं, तो १ एप्रिल २००१ला अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात, अ‍ॅस्ट्रोडोम नावाच्या छपराच्या मैदानात झाला. रेसलमेनिया एक्स-सेव्हन, तिकडच्या व्यावसायिक कुस्तीची मोठी जत्रा. जाणकार मंडळी आजही हा त्या धंद्यातला सर्वांत भारी खेळ मानतात. मैदानात साठ हजारांवर माणूस होतं, आणि दहा लाखांहून जास्त घरांनी वेगळे पैसे मोजून तो टीव्हीवर पाहिला. याला तिकडे पे-पर-व्ह्यू म्हणतात. जो पैसे भरेल त्याच्याच घरी चित्र येणार. आमच्याकडे उलटं. जत्रेची पट्टी घरटी असते. तुम्ही हगामा बघा, नाहीतर मुंबईत हमाली करत बसा, पट्टी चुकत नाही. अमेरिकन लोक स्वतःला धंदेवाईक समजतात, पण न बघणाऱ्याकडून पैसे काढायची विद्या त्यांना अजून साधलेली नाही.

आम्ही अर्थातच पैसे भरले नाहीत. बऱ्याच महिन्यांनी चुलतभावाने तालुक्याहून भाड्याने सीड्या आणल्या. दिवसा वीज नसे, म्हणून रात्री. रात्री थ्री-फेज आली की निम्मं गाव मोटार चालू करायला शेतावर जाई. उरलेलं आमच्या ओसरीवर. मधोमध आबा. आबांनी तरुणपणी तालीम केलेली, पुढे हगाम्यात पंच म्हणून उभे राहिलेले. लंगोट न लावता, अंगाला माती न लावता आणि हलगी वाजत नसताना कोणी कुस्तीला उभं राहतं, हेच त्यांना मान्य नव्हतं.

पहिल्याच जोडीला आबांनी हरकत घेतली. जेरिकोने रीगलला खाली घेतलं, दोन्ही खांदे टेकले आणि पंच हात आपटून मोजायला लागला. आबा उसळले, “पाठ टेकली की कुस्ती झाली! तीनपर्यंत मोजायला काय उधारीचा हिशेब आहे?” त्यावर रीगल दोनवर उठला. आबांच्या मते तो तिथेच हरला होता. पुढची सगळी कुस्ती त्यांनी अवैध ठरवली आणि तरीही शेवटपर्यंत पाहिली.

पुढे केन, बिग शो आणि रेवन यांची हाणामारी सुरू झाली. ती रिंगणात मावेना, म्हणून मैदानामागच्या खोल्यांत गेली. कपाटं पडली, भिंतीला भगदाड पडलं आणि मग रेवन चक्क एक छोटी विजेवरची गाडी घेऊन पळाला. यावर ओसरीवर मतभेद झाले. एका गटाचं म्हणणं, फड सोडून पळाला म्हणजे हरला. दुसऱ्या गटाला फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं, की ती गाडी चार्जिंगला किती युनिट घेते.

एकाच गड्यावर आबा खूश झाले. जुन्या पैलवानांची एक खिचडी कुस्ती होती, त्यात आयर्न शीक जिंकला. हा मूळचा इराणचा अस्सल पैलवान, उमेदीत कुस्तीआधी मुद्गल फिरवून प्रतिस्पर्ध्याला आव्हान द्यायचा. मुद्गल म्हटल्यावर आबांनी त्याला ताबडतोब आपल्यात घेतलं. असं सांगतात, की त्याचे गुडघे इतके गेले होते की वरच्या दोरीवरून बाहेर पडणं त्याला झेपणारच नव्हतं, म्हणून त्यालाच जिंकवला. म्हातारपणाचा इतका किफायतशीर उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

शिड्यांच्या कुस्तीबद्दल मी फार लिहीत नाही. छताला पट्टे टांगलेले, खाली सहा जण शिड्या आणि टेबलं घेऊन. दहीहंडीत गोविंदांनी एकमेकांना हाणायचं ठरवलं तर जे होईल ते. जेफ हार्डी पट्ट्यांना धरून अधांतरी लोंबकळला आणि एजने शिडीवरून झेप घेऊन त्याला हवेतच खाली आणला, तेव्हा ओसरीवरच्या बायकासुद्धा “अगं आई!” म्हणाल्या. हे सोंग नव्हतं. एवढ्या उंचीवरून पडण्याचं सोंग करताच येत नाही. पडावंच लागतं.

पण खरा खेळ होता मॅकमॅहन घराण्याचा. कंपनीचा मालक व्हिन्स, त्याचा मुलगा शेन आणि बापलेकांची मारामारी. मालकाने बायकोला, लिंडाला, गुंगीच्या औषधावर ठेवून चाकांच्या खुर्चीत बसवलेलं. तिच्या डोळ्यांदेखत ट्रिश नावाच्या तरुणीशी चाळे. लेक स्टेफनी बापाच्या बाजूने. पंच म्हणून मिक फोली, ज्याचा मालकाशी जुना दावा. हे ऐकल्यावर आबा सावरून बसले. कुस्ती संपली होती आणि वग सुरू झाला होता. आणि वगात आबांना कोणी फसवू शकत नसे.

आधी ट्रिशने मालकाच्या थोबाडीत दिली. मग तिची स्टेफनीशी झोंबाझोंबी. मालकाने फोलीला खुर्चीने आडवा केला, बायकोला उचलून रिंगणाच्या कोपऱ्यात नेऊन बसवलं, म्हणजे पोराचा मार तिला नीट दिसावा. हातात कचऱ्याचा डबा घेतला. आणि मागे ती बाई हळूहळू उभी राहिली. साठ हजार लोक ओरडताहेत, नवऱ्याला मात्र काही कळत नाही. तो वळला आणि तिने त्याला नेमकी तिथे लाथ घातली, जिथे घालायला हवी होती.

ओसरी शिट्ट्यांनी दणाणली. आमच्या चुलतीने टाळ्या वाजवल्या आणि लगेच पदर सावरला. आबा शांत. म्हणाले, “ती औषध गिळत नव्हती, हे मला कधीच कळलं होतं.”

एवढं सगळं पाहून शेवटच्या जोडीला, रॉक आणि स्टोन कोल्डला, काय उरणार असं वाटलं. पण तिथेही मालकच टपकला. स्टोन कोल्डने आयुष्यभर ज्याला शिव्या घातल्या, त्याच व्हिन्सच्या मदतीने, रॉकला खुर्चीने बडव-बडव बडवून, तो जिंकला. मग दोघांनी हात मिळवले आणि बिअर प्यायली. आपला माणूस मालकाला मिळाला, याचं आम्हाला फारसं आश्चर्य वाटलं नाही. ग्रामपंचायतीच्या निवडणुका आम्हीही पाहिल्या होत्या. आबांचं दुःख निराळं: “निम्मी तर अंगावरच सांडली.”

आता कोणीतरी शहाणा म्हणणार, ही तर नूरा कुस्ती. अहो, हे त्या मालकानेच सांगून टाकलंय. १९८९ साली व्हिन्सच्या डब्ल्यूडब्ल्यूएफ कंपनीने न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे कबूल केलं की आमचं हे काम म्हणजे खेळ नाही, करमणूक आहे. कारण काय, तर खेळ म्हटलं की सरकारी देखरेख आणि कर लागतो. अब्रू गेली तरी चालेल, कर नको, हे तत्त्व आमच्या व्यापाऱ्यांनाही पटेल. आणि या दांडग्या मंडळींना अखेर चितपट केलं कोणी? पांडाने. पांडाचं चिन्ह मिरवणाऱ्या, वन्यजीव वाचवणाऱ्या संस्थेचीही आद्याक्षरं डब्ल्यूडब्ल्यूएफच, ती संस्था कोर्टात गेली आणि २००२ साली कंपनीला डब्ल्यूडब्ल्यूई व्हावं लागलं. आमच्या उसातल्या बिबट्याला असा वकील मिळाला असता तर तालुक्याचं नाव बदलावं लागलं असतं.

खऱ्या कुस्तीची शान सांगणाऱ्यांना मी फेब्रुवारी २०२५ची आठवण करून देतो. अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरी. निकाल मान्य नाही म्हणून शिवराज राक्षेने पंचाला लाथ मारली, महेंद्र गायकवाड अंतिम कुस्ती सोडून निघून गेला, दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली आणि गदा पृथ्वीराज मोहोळकडे गेली. तिकडे पंचाला मारायचं आधी ठरलेलं असतं आणि पंचालाही ते माहीत असतं. अहिल्यानगरच्या त्या बिचाऱ्या पंचाला कोणी आधी सांगितलं होतं?

परवा पुतण्याबरोबर तोच रेसलमेनिया मोबाइलवर पुन्हा पाहिला. त्याला सगळं ठाऊक. खुर्ची कशी धरतात, कोण कोणाच्या कानात काय सांगतं, कुणाचं रक्त कुठून येतं. पण लिंडा उठायला लागली तसा तो गप्प झाला आणि स्क्रीन जवळ ओढली. नंतर त्याने जत्रा कमिटीच्या बैठकीत सूचना मांडली की यंदा शेवटच्या जोडीला धूर, दिवे आणि गाणं लावून पैलवान आणावेत. अंडरटेकर त्या रेसलमेनियात मोटारसायकलवर बसून आला होता, तसं काहीतरी. बराच खल झाला. धुराचे पैसे कोणी द्यायचे यावर तो अडला; पट्टी वाढवायला कोणी तयार होईना. शेवटी ठरलं, धूर नको, गाण्याऐवजी हलगी आहेच. मोटारसायकलला मात्र एकमताने मंजुरी मिळाली, कारण पैलवान दरवर्षी तसेच येतात, एका गाडीवर तिघं.