अलास्काला जाताना कॅनडा लागतो

सिॲटल

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,


बाबा, तुमचा प्रश्न बिनतोड होता. अलास्का अमेरिकेत, बोट सिॲटलहून सुटणार आणि सिॲटललाच परत येणार, मग मधेच कॅनडाचा व्हिसा कुठून उपटला? मी सांगायला लागले तेवढ्यात आईने नातवाला फोन द्यायला लावला आणि विषय राहिला तो राहिलाच. म्हणून लिहिते. तुमचा उभा जन्म तहसील कचेरीत गेला, त्यामुळे यातली मजा आमच्यापेक्षा तुम्हालाच जास्त कळेल.

सगळं खापर १८८६ सालच्या एका कायद्यावर. अमेरिकेतल्या एका बंदरातून उतारू घेऊन ते अमेरिकेतच सोडायचे, तर जहाज अमेरिकेचंच पाहिजे. परक्या झेंड्याच्या जहाजाने हा उद्योग केला तर माणशी दोन डॉलर दंड. (आता दंड बराच वाढलाय.) देशी बोटवाल्यांचा धंदा टिकावा, हा हेतू. आता गंमत बघा, आज या सहलींच्या अवाढव्य बोटी फिरतात बहामा, पनामा, बर्म्युडा असल्या झेंड्यांखाली. अमेरिकी झेंड्याची तसली मोठी बोट म्हणजे ‘प्राइड ऑफ अमेरिका’, आणि ती हवाईच्या बेटांतच फिरत असते. बाकीच्यांनी काय करायचं? वाटेत एखाद्या परदेशी बंदराला शिवायचं, की कायदा खूश. कॅलिफोर्नियातल्या बोटी मेक्सिकोत एन्सेनाडाला शिवतात, आमची कॅनडात व्हिक्टोरियाला. मिरजेहून निघालेली सहलीची गाडी महाराष्ट्र दाखवून मिरजेत परतण्याआधी केवळ नियमापायी बेळगावच्या स्टँडवर उभी करावी, तसा हा प्रकार. कोरोनात २०२१ साली कॅनडाने अशा बोटींना बंदरं बंद ठेवली, तेव्हा व्हिक्टोरियाला न थांबता अलास्काला जाता यावं म्हणून अमेरिकेच्या संसदेला आणखी एक कायदा करावा लागला. न थांबण्यासाठी कायदा! बाबा, तुमच्या कचेरीतही एवढं झालं नसेल.

आता आमच्या कुटुंबाचे कागद. चिरंजीव इथे जन्मलेले, म्हणजे अमेरिकन. त्यांना व्हिसा नको, आणि अशा जिथून निघाली तिथेच परतणाऱ्या बोटीवर त्यांना नुसता जन्मदाखला चालतो. न्यू जर्सीचे भाऊजी आणि जाऊबाई ग्रीन कार्डवाले. भारतीय पासपोर्ट आणि ते कार्ड दाखवलं की कॅनडा त्यांना व्हिसा मागत नाही. उरलो आम्ही दोघं आणि सासूबाई. आमच्याकडे नुसता अमेरिकेचा व्हिसा, तो कॅनडाला पुरत नाही. मेक्सिकोला मात्र पुरतो, मुदतीतला असला तर! त्यामुळे भाऊजी बुकिंगपासून रोज एकदा म्हणत होते, “तरी मी मेक्सिको म्हणत होतो.”

सासूबाई म्हणाल्या, “मी नाही उतरत त्या व्हिक्टोरियाला. खोलीत बसून जप करीन. मग कशाला व्हिसा?” मला ते पटलंही. पण बोटकंपनीला नाही पटलं. उतरा नाहीतर जप करा, बोट कॅनडात शिरते म्हणजे तुम्हीही शिरता. कागद नसेल तर सिॲटललाच चढू देत नाहीत. मग भरले अर्ज. माणशी शंभर कॅनेडियन डॉलर, शिवाय बोटांच्या ठशांचे वेगळे. कुटुंबाच्या फॉर्ममध्ये आईवडिलांची माहिती मागतात, ते हयात नसले तरी. सासूबाईंना त्यांच्या आईची जन्मतारीख विचारली तर म्हणाल्या, “प्लेगच्या नंतरची.” अर्जात प्लेगसाठी रकाना नव्हता.

सिॲटलच्या धक्क्यावर काउंटरवरच्या मुलीने आमचे पासपोर्ट पत्त्यांसारखे पसरले. चिरंजीव पास, भाऊजी पास, जाऊबाई पास. आमचा नंबर आला तशी ती पानं उलटू लागली. “कॅनडा?” सासूबाईंनी पिशवीतून प्लास्टिकची फाइल काढली, फाइलचं रबर मनगटात चढवलं, आतून कापडी पाकीट, पाकिटातून पासपोर्ट, आणि व्हिसाचं पान आधीच देवळाच्या पावतीने खूण करून ठेवलेलं! मुलीने पावती निरखून पाहिली आणि अदबीने परत दिली. ह्यांच्या पासपोर्टावर तर अमेरिकेचाच व्हिसा संपलेला. घाबरू नका, आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत राहण्याच्या परवानगीची, मुदत चालू असली आणि कॅनडात तीस दिवसांच्या आत जाऊन आलं, तर त्या संपलेल्या व्हिसावरही परत घेतात. (मधल्या काळात नव्या व्हिसाचा अर्ज टाकलेला नसला तर.) हे सगळं छापून मी कागद जवळ ठेवला होता. कोणी विचारलंच नाही. न विचारल्याचाच मला जास्त राग आला.

अलास्का सुरेख. बर्फाचे कडे कोसळतात तेव्हा आधी दिसतं आणि आवाज मागून येतो. फोटो पाठवलेत, ते बघा.

आणि व्हिक्टोरिया? बोट तिथे लागली संध्याकाळी उशिरा, आणि सुटायची मध्यरात्रीच्या आत. फुलांच्या बागा बघायला उजेड नाही, दुकानं बंद होत आलेली. ऑग्डेन पॉइंटच्या धक्क्यावरून चालत गेलो, विधानभवनावर दिव्यांची रोषणाई होती, आइस्क्रीम खाल्लं, परत. जप करणाऱ्या सासूबाई सर्वांत पुढे. “पैसे भरलेत, उतरणार!” पण पासपोर्टावर कॅनडाचा शिक्का कोणी मारलाच नाही. त्याचं त्यांना अजून वाईट वाटतंय. व्हिसा पासपोर्टाच्या मुदतीपर्यंत आहे, त्यामुळे शिक्का वसूल करायला त्या पुन्हा जायचं म्हणतात.

तर पुढच्या उन्हाळ्यासाठी तयारी अशी करा. बाबा, तुमचा पासपोर्ट आधी नवा करा, कारण कॅनडाचा व्हिसा पासपोर्टापलीकडे जात नाही. ठसे द्यायला मुंबईला जा, मामाकडे उतरा. प्रवासाचा जुना तपशील विचारतील, तेव्हा काठमांडूची यात्रा लिहायला विसरू नका, तोही परदेश आहे. आणि आई, आजीची जन्मतारीख आत्ताच शोधून ठेव.

सर्वांना नमस्कार.

तुमची,
मनू

ता. क. सासूबाई सांगतायत, बोटीवर चहा केव्हाही मिळतो पण पाणचट. विहीणबाईंना म्हणावं, सुंठ कुटून आणा.