तेहतीस इंची रुबाब

थार घ्यायची, पहिल्या सर्व्हिसिंगच्या आत तिचे कंपनीचे टायर उतरवायचे, ३३ इंची मड टेरेन चढवायचे आणि महिन्याभराने गॅरेजच्या दारात उभं राहून म्हणायचं, "मिस्त्री, गाडीला उठाव राहिला नाही हो." पुणे-पिंपरी पट्ट्यात हा आता सतरावा संस्कार होऊन बसला आहे. बाकीच्या सोळांना मुहूर्त लागतो, याला फक्त क्रेडिट कार्ड लागतं.

मिस्त्री बॉनेट उघडतो, आत डोकावतो, बंद करतो. इंजिन ठणठणीत. २०२० च्या डिझेल थारला कंपनीने १३० घोडे दिले होते, त्यातला एकही दावं तोडून पळालेला नाही. पण हे मालकाला सांगायची सोय नसते. ताकद गेली म्हणजे ती कुणीतरी नेली असणार, आणि ती परत आणायची तर काहीतरी विकत घ्यावं लागणार, यावर त्यांची श्रद्धा असते.

झालेलं असतं ते एवढंच. थारच्या काही मॉडेलांवर २४५/७५ आर १६ हा टायर येतो, त्याचा व्यास साधारण साडेतीस इंच. त्या जागी ३३ आला की चाकाचा घेर आठ टक्क्यांनी वाढतो. एक्सलचा पीळ मात्र जुनाच. तोच पीळ लांब त्रिज्येवर खर्ची पडतो आणि रस्त्याला लागणारा रेटा सुमारे साडेसात टक्क्यांनी घटतो. वर वजन आहेच. मड टेरेन टायर मुळात जड, आणि त्याचं वजन अगदी कडेला, जिथे ते फिरवायला सगळ्यात जास्त कष्ट पडतात. म्हणजे पळण्याच्या शर्यतीत गमबूट घालून उतरायचं आणि मग छातीचा एक्स-रे काढायचा! खंबाटकी घाट चढताना चौथ्यात जाणारी गाडी आता तिसरा मागते. सहावा गिअर तर देवघरातल्या शाळिग्रामासारखा आहे म्हणायचा. ब्रेकलाही तीच जड चाकं थांबवायची असतात, पण त्याबद्दल गॅरेजमध्ये कुणी चकार शब्द काढत नाही. थांबण्याचा रुबाब नसतो ना.

काट्याची गंमत वेगळीच. गाडी फेरे मोजते, रस्ता मोजत नाही. त्यामुळे द्रुतगती मार्गावर काटा ९५ दाखवतो तेव्हा हिशोबाने गाडी १०३ वर असते. कंपनीचे काटे मुळात थोडं वाढवून सांगतात म्हणून कधी निभावतं, कधी १०० ची मर्यादा सांभाळणारा कॅमेरा दयाळू नसतो. ओडोमीटरही शंभर किलोमीटरला जेमतेम ९२ मांडतो. मालक किलोमीटर भागिले डिझेल करतात आणि खऱ्यापेक्षाही वाईट ॲव्हरेज काढून स्वतःच हादरतात.

मग उपचार सुरू होतात. पहिला पेडल बॉक्स. हे यंत्र इंजिनाला एक छदामही देत नाही. तुम्ही पाव पाय दाबलात की ते आत जाऊन "साहेबांनी अर्धा दाबला" असं सांगतं. आपलाच पाय आपल्याला विकण्याचा इतका स्वच्छ धंदा दुसरा नसेल. त्यानंतर एअर फिल्टर, त्यानंतर मोकळा सायलेन्सर. गाडी वेग तेवढाच घेते, पण आता ती कोथरूडमध्ये वेग घेत असल्याचं कर्वेनगरला कळतं. मग स्नॉर्केल, म्हणजे नदी ओलांडताना इंजिनाने श्वास वरून घ्यावा म्हणून. नदीचं अजून ठरलेलं नाही. शेवटी इंजिनाच्या कॉम्प्युटरचा रिमॅप. याने मात्र खरंच पीळ वाढतो, हे कबूल करायला हवं. फक्त वॉरंटी त्या क्षणी स्वर्गवासी होते, आणि वाढलेला पीळ जातो कुठे? त्याच चुकलेल्या गुणोत्तरातून, त्याच गमबुटात.

खरं औषध एक्सलच्या पोटात आहे: क्राउन-पिनियन. चाक जितकं मोठं, तितका रेशो (क्राउनचे दात भागिले पिनियनचे) खोल करायचा. जुना रेशो गुणिले नवा व्यास, भागिले जुना व्यास. सहावीचं त्रैराशिक आहे. अमेरिकेत जीपवाल्यांनी ते स्वतःच करून दाखवलं. रँग्लर रुबिकॉन ३३ इंची टायर आणि ४.१० च्या रेशोवर येते. २०२१ साली कंपनीने एक्स्ट्रीम रेकॉन पॅकेजात ३५ इंची टायर दिले, तेव्हा एक्सलही बदलून ४.५६ चा घातला. त्रैराशिकाने ४.३५ पुरला असता. टायरचं वजनही कुणीतरी ओढायचं असतं, हे त्यांना ठाऊक होतं.

आणि हे काही कालचं शहाणपण नाही. आपल्याकडे जुन्या जीपा होत्या त्या विलीजच्या वंशातल्या. सीजे-३बी घ्या: सोळा इंची रिमवर काठीसारखे बारीक टायर, आजच्या थारच्या साधारण निम्मे घोडे, पण एक्सलला ५.३८ चा रेशो. पिनियनला ८ दात, क्राउनला ४३. पाटबंधारे खात्याच्या साहेबांना घेऊन ती जीप जिथे चढायची, तिथे आज थार ट्रेलरवरून जाते.

पण क्राउन-पिनियनचं दुखणं असं की ते काम मिस्त्रीच्या हाताचं आहे, दुकानाच्या शोकेसचं नाही. मागचा बदलला तर पुढचाही बदलावा लागतो, नाहीतर फोर-बाय-फोर टाकताच दोन एक्सल वेगवेगळ्या हिशोबाने ओढतात आणि मधली ट्रान्सफर केस भरडली जाते. शिम घालून दातांमधली मोकळीक जुळवायची, दातांना रंग लावून ठसा कुठे उमटतो ते पाहायचं, चुकलं तर पुन्हा उघडायचं. ते न करता बसवलं की घाटभर गाडी घूं-घूं रडते. एवढं करून बाहेरून दिसतं काय? काही नाही. सिग्नलला शेजारचा विचारत नाही, "वा, पिनियन कुठून घेतलंत?"

कायद्यालाही हे सगळं फार आवडत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या मापांपलीकडे हात घालू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या १८२-ए मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. शब्द 'प्रत्येक बदलामागे' असे आहेत. आमच्या सोसायटीतली एक थार या हिशोबाने चालती-बोलती मुदत ठेव आहे, फक्त सरकारच्या नावावर.

त्याच थारचे मालक परवा अखेर राजी झाले. जुने टायर परत बसवायचा फुकटातला उपाय मिस्त्रीने आधी सुचवला होता. त्यावर त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पाना शोधायला लागला. तर क्राउन-पिनियन बसवायचा, पुढचा-मागचा दोन्ही, ठरलं. फक्त एक अट: क्राउन-पिनियनवरचं, म्हणजे डिफचं, झाकण लाल रंगाचं हवं, बाहेर मिळतं म्हणे तसं. आणि ते रात्री मागच्या गाडीवाल्याला दिसावं म्हणून खालून एक एलईडी पट्टी. मिस्त्रीने वहीत दोन्ही लिहून घेतलं आणि विचारलं, "साहेब, हे दोन बदल धरायचे की एक?"