निम्म्या पगारात चालेल!

मार्च 2023 मध्ये राज्य सरकारी कर्मचारी सात दिवस संपावर गेले. घोषणा झकास होती: ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’. यमक जुळलं की अर्धी मागणी मान्य होते, असा आपल्याकडे समज आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी सरकारने समिती दिली. समितीत कोण? निवृत्त सनदी अधिकारी. जुनी पेन्शन परवडते का, हे ठरवायला बसले ते स्वतः जुनीच पेन्शन घेणारे.

मागणी रास्त होती, हे आधी सांगून टाकतो. 31 ऑक्टोबर 2005 ला रुजू झालेल्या लिपिकाला निवृत्तीनंतर निम्मा पगार, वर महागाई भत्ता. दुसऱ्या दिवशी रुजू झालेल्याला नवी पेन्शन, म्हणजे शेअर बाजार. टेबल तेच, फाईल तीच, साहेबही तोच. आणि एकदा निवडून आलेल्या माजी आमदाराला महिना 50 हजार रुपये मिळतात, त्यासाठी समिती बसल्याचं काही ऐकिवात नाही.

पण संपाला जनतेची सहानुभूती मिळाली का? छे! 1977 च्या डिसेंबरात कर्मचारी नेते र. ग. कर्णिकांनी सुरू केलेला संप 54 दिवस चालला. आजही संघटनेतले जुने लोक त्याचा दाखला देतात. या वेळी सात दिवसांतच लोक कावले. नेमक्या त्याच आठवड्यात अवकाळी आणि गारपीट झाली, आणि पंचनाम्याला तलाठी नाही. शेतकऱ्याला पेन्शनचं गणित कोण समजावणार? शिवाय सरकारी टेबलाबद्दल लोकांच्या आठवणी काही फार गोड नाहीत. खुद्द राजपत्रित अधिकारी महासंघाला आपल्याच सभासदांसाठी ‘पगारात भागवा’ असं अभियान चालवावं लागलं होतं. एखाद्या संघटनेने इतकं खरं बोलू नये.

कोल्हापुरात तर बेरोजगार तरुणांनी उलटा मोर्चा काढला. यांना घरी पाठवा, आम्ही निम्म्या पगारात काम करतो!

संपकऱ्यांनी या पोरांची टिंगल केली. सरकारने नाही केली. सरकारने ऐकून घेतलं.

सहा महिने गेले आणि सप्टेंबरात शासन निर्णय आला: नऊ खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरती. अकुशल मजुरापासून थेट अभियंत्यापर्यंत. पेन्शन जुनी की नवी, हा वादच मिटला; पेन्शन घ्यायला आधी पद लागतं. ओरड झाली तेव्हा ऑक्टोबरात हा निर्णय रद्द झाला, पाप आधीच्या सरकारचं असल्याचंही जाहीर झालं. निर्णय गेला, कंत्राटी मात्र कुठेच गेले नाहीत. त्याच महिन्यात राष्ट्रीय आरोग्य अभियानातले कंत्राटी कर्मचारी समायोजनासाठी संपावर बसले होते. पेन्शन राहू द्या, आधी आम्हाला सरकारी म्हणा, एवढंच त्यांचं म्हणणं.

संघटनांच्या मागणीपत्रात कंत्राटींना नियमित करण्याची मागणी होती, हे खरं आहे. फक्त ती घोषणेत नव्हती. ‘कंत्राटी’ला यमक सापडलं नसावं.

पुढे 24 ऑगस्ट 2024 ला केंद्राने एकीकृत पेन्शन योजना जाहीर केली, आणि निवडणूक तोंडावर असलेल्या आपल्या मंत्रिमंडळाने दुसऱ्याच दिवशी ती मंजूर करून टाकली. ज्या सरकारला एरवी एका सहीला तीन महिने लागतात, त्याने एका रात्रीत! निम्म्या पगाराची हमी, अट एकच: 25 वर्षांची सेवा. कायम माणूस ही अट सहज पार करेल. शेजारच्या टेबलावर अकरा महिन्यांची ऑर्डर आणि मधे तांत्रिक खंड घेऊन बसलेल्या ऑपरेटरने 25 वर्षं कशी मोजायची?

आणि रिकामी पदं भरली नाहीत, तर संघटनांना सभासद तरी कुठून मिळणार? दर महिन्याला कुणीतरी निरोप समारंभाचा नारळ घेऊन जातो, आणि त्याच्या खुर्चीत एजन्सीचं ओळखपत्र गळ्यात घातलेला पोरगा बसतो. पुढच्या संपाची नोटीस बहुधा तोच टाइप करील. आझाद मैदानात घोषणा द्यायला माणसं कमी पडली तर काळजी नको. एजन्सीला कळवलं की ती येतील. निम्म्या पगारात.