बटण दाबणाऱ्यास खुले पत्र

प्रति,
शनिवार-रविवारचे सन्माननीय वीजग्राहक,
मुक्काम वलवण, लोणावळा.

विषय : माल सुधारला तशा वाढलेल्या अपेक्षांबाबत.

महोदय,

वीज हा माल वलवणला पाण्याच्या रूपात साठतो. जून ते सप्टेंबर घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस वलवण, लोणावळा आणि शिरोता तलावांत अडवून वर्षभर पुरवला जातो. खंडाळ्याजवळून हे पाणी नळांतून पाचशे मीटरहून अधिक खाली खोपोलीला उतरते आणि तिथली चाके फिरवते. टाटांच्या या योजनेची वीज मुंबईला १९१५ साली मिळू लागली.

पहिला मोठा ग्राहक गिरणी. तोवर वाफेवर चाललेल्या या गिऱ्हाइकाने किती अश्वशक्ती, काय दराने, हे आधी ठरवून घेतले. अपेक्षा कराराएवढीच होती.

दुसरा ग्राहक घरगुती. त्याच्याकडे दिवा आला, तरी खुंटीवरचा कंदील उतरला नाही. वीज गेली की काडेपेटी कुठे आहे, हे घरातल्या पोरालाही ठाऊक असे.

तिसरा ग्राहक या पत्राचा मानकरी. तो शुक्रवारी रात्री द्रुतगती मार्गाने येतो. बंगल्यात शिरताच एसी, गिझर आणि वाय-फाय एकदम सुरू करतो. मुसळधार पावसात तारेवर फांदी पडते, दहा मिनिटे अंधार होतो आणि प्रश्न येतो : धरण उशाला असून लाईट जातेच कशी? धरणाच्या पाण्यावरची वीज उच्चदाबाच्या तारांनी मुंबईकडे जाते आणि बंगल्याची वीज झाडांतून गेलेल्या खांबांवरून येते, हे बटणावर लिहिलेले नसते.

व्यत्यय विरळ झाला की सोसण्याची सवयही जाते. बाहेरचे वीजजाळे कोसळले तर मुंबईची वीज अलग राखण्याची सोय १९८१ साली झाली. १२ ऑक्टोबर २०२० रोजी ती तोकडी पडली, मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या आणि देशभर बातमी झाली. जिथे भारनियमन रोजचे, तिथे त्याच अंधाराची कुणी दखलही घेतली नसती. इन्व्हर्टरने तर अंधारच मिटवला. आता तक्रार उरली ती पंखा हळू फिरतो, एवढीच.

सबब पाऊस खिडकीतून मनसोक्त पाहायला हवा आणि तारेवर मुळीच पडायला नको, या दोन मागण्यांपैकी कोणती आधी पुरी करायची, ते ग्राहकाने कळवावे.

कळावे,
बटणाच्या पलीकडची बाजू